पाण्याबाहेरची साक्ष

बाळांनो, एका जंगलात दिवसातून दोनदा समुद्र यायचा. तिवरांच्या मुळांत मनसोक्त लोळायचा आणि परत जायचा. मागे उरायचा चिखल.

त्या चिखलात चंद्रा नावाची निवटी राहायची. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा मासा. हसू नका, असतो असा मासा! तिच्या बिळात अंडी होती आणि तिचा सगळा जीव त्या अंड्यांत होता.

डोंगरावरच्या वाघमहाराजांना वाटलं, खाली जागा नुसतीच पडलीय, भर घालून विश्रामगृह बांधावं. पण पाणथळ जागेला हात लावायचा नाही असा नियम होता. महाराज नियमाचे पक्के. त्यांनी लगेच पाहणी समिती नेमली. अध्यक्ष साळिंदर.

साळिंदरसाहेबांना पाय भिजलेले खपत नसत. म्हणून ते ओहोटीला आले.

“पाणी कुठाय?” त्यांनी विचारलं.

चंद्रा घाईघाईनं उडी मारून बाहेर आली. “गेलंय, साहेब. सहा तासांत येईल. थांबा की जरा. खाली बिळात माझी अंडी आहेत.”

“थांबलो तर पाय भिजतील.”

“अहो, मी तरी दुसरं काय सांगतेय!”

साहेबांनी तिला नीट न्याहाळलं. “तू मासा ना?”

“हो, साहेब.”

“आणि पाण्याबाहेर धडधाकट बसून माझ्याशी हुज्जत घालतेस?”

अहवाल तिथंच लिहिला गेला. ‘जागा कोरडी. येथील मासेसुद्धा जमिनीवर राहतात. भर घातल्यास अंड्यांना ऊब मिळेल.’

दुसऱ्या दिवशी रानडुकरांनी लाल माती ओतली. अंडी खालीच राहिली. चंद्रा कडेला बसून ओरडत राहिली. हे सांगताना माझंसुद्धा डोकं फिरतं.

विश्रामगृह झालं. पहिल्याच उधाणाला समुद्र आला, नेहमीची जागा दिसेना, म्हणून सरळ दिवाणखान्यात शिरला. महाराज माळ्यावर चढून बसले आणि हे पाणी आलं कुठून, याची चौकशी लावली. अध्यक्ष साळिंदर.

त्यांनी पलंगावर उभं राहून चंद्राला साक्षीला पुकारलं. चंद्रा पलंगाखालीच होती, चांगली हातभर पाण्यात. तिला वर यायची कसलीही घाई नव्हती.

अहवाल गेला, ‘स्थानिक मासे सहकार्य करत नाहीत.’

तात्पर्य: माशानं पाण्याबाहेर येऊन खरं सांगू नये आणि पाण्यात राहून गप्पही बसू नये. तेव्हा बाळांनो, खूप अभ्यास करा आणि साळिंदर व्हा.