कुत्रं वाचलं त्या महापुराची गोष्ट

या, जरा जवळ सरका. महापुराची कथा सांगतो. पाय भिजणार नाहीत याची हमी.

देह नश्वर आहे, हे सांगता सांगता साधुसंतांचे गळे बसले. पण त्या सत्याची चोख अंमलबजावणी केली ती सिनेमावाल्यांनीच. त्यांच्या महापुरात एकच माणूस सकाळपासून सात वेळा मरतो, मधल्या वेळात चहा पितो आणि संध्याकाळी सही करून घरी जातो. (मोक्षाची इतकी शिस्तशीर व्यवस्था अन्यत्र आढळत नाही.)

बुडणारे काका या मरणाऱ्या गर्दीच्या खात्यातले सर्वांत ज्येष्ठ. भूकंपात गाडले गेले, जहाजाबरोबर तळाला गेले, ज्वालामुखीत तर दोनदा; पण पडद्यावर चेहरा एकदाही नाही. कारण नियम: गर्दीने कॅमेऱ्याकडे पाठ करून मरावे. चेहरा दिसला की प्रेक्षकाला वाईट वाटतं, आणि वाईट वाटण्याचा साठा मर्यादित असल्यामुळे तो नायकासाठी राखीव ठेवावा लागतो. नियम अत्यंत दयाळू आहे.

अडचण होती काकांच्या आईची. तिची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती.

"तुझी पाठ काय बघू रे सारखी? न्हाऊ घालताना रोज चोळलीय. डोळे आहेत तोवर एकदा तोंड दाखव."

काकांनी मनाशी ठरवलं. या वेळी वळायचंच.

सिनेमा प्रचंड खर्चाचा. प्लायवूडचा अख्खा रस्ता उभारला, वर पाण्याच्या टाक्या चढवल्या. सुरक्षेत कसूर नव्हती: नायकाच्या वाट्याची लाट कोमट केलेली, नायकाच्या कुत्र्याला स्वतंत्र डॉक्टर, गर्दीला टॉवेल (दोघांत एक). रस्ता एकदाच वाहून जाणार, म्हणून टेकही एकच.

सहायक दिग्दर्शक म्हणाला, "काका, पाठ इकडे हं. काय वेदना आहे हो तुमच्या पाठीत."

"वेदना नाही बाळा, लचक आहे."

टाक्या उघडल्या. लाट आली. काका गर्रकन वळले, आरशासमोर घोटलेली भीती चेहऱ्यावर आणली, आणि समोरच नायकाचं कुत्रं धोंड्यासारखं बुडालं. त्याला पोहायला शिकवलं होतं, पण वाहती दारं-खिडक्या अभ्यासक्रमात नव्हत्या. नायक उंच फळीवर कोरडा होता (त्याच्या पोहण्याचं चित्रीकरण गुरुवारी). डॉक्टर छत्री शोधत होते.

काकांनी डुबकी मारली आणि दोन्ही हातांनी कुत्रं पाण्यावर उचलून धरलं. कुत्रं वर, काका खाली. शॉट संपेपर्यंत तसेच. दिग्दर्शक हुंदके देत म्हणाला, "कापू नका रे, कुत्र्याला प्रसंग कळलाय."

पहिल्या खेळाला काकांनी आईला अगदी पुढच्या रांगेत बसवलं. पडद्यावर शहराची नव्वद टक्के लोकसंख्या बुडाली. प्रेक्षागृहात लाह्या खाण्याचा वेग स्थिर राहिला. मग पाण्यावर कुत्रं आलं. लाह्या थांबल्या. लोक उभे राहिले, रडले, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

काका आईच्या कानाशी लागले. "आई, त्याच्या खाली मी आहे."

"गप रे," आई डोळे पुसत म्हणाली, "आधी कुत्रं वाचू दे."

त्यानंतर तिची नजर आणखी अधू झाली आणि तिला पडद्यावरचं फारसं दिसलं नाही. काका अजून मरायला जातात, पाठ करूनच.

आता माउली, तुमच्या ओठांवर आलेला प्रश्न मला दिसतोय, तेव्हा आधीच सांगून टाकतो: कुत्रं ठणठणीत आहे. तुमचा जीव भांड्यात पडला असेल, तर त्याच सवडीत बुडणाऱ्या काकांचीही आठवण असू द्या.