साक्षीदार नसलेलं टेंगूळ

महिनाअखेर नीट पार पडली असती, तर कोडिंगच्या कारकुनाला वरच्या मजल्यावर टेबल मिळणार होतं. टेबलाचं काही विशेष नव्हतं. टेबल खालीही होतं. पण वरच्या टेबलाला खिडकी होती आणि आसपास चार माणसं. त्यांतलं एखादं तरी दिवसातून एकदा "काय हो, आज उशीर?" म्हणालंच असतं.

तो बसे रुग्णालयाच्या तळघरात, रेकॉर्डरूममध्ये. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक दुखापतीला यादीतला ठरलेला कोड द्यायचा, हे त्याचं काम. अकरा वर्षांत त्याचं नावच 'तळघर' पडलं होतं. डोक्याच्या दुखापतीच्या बाबतीत तळघर फार चिकट. रुग्ण किती वेळ बेशुद्ध होता, ते पाहिलं कुणी, पाहणाऱ्याचं नाव काय, यातलं एक जरी राहिलं तरी कागद परत. त्याच जोरावर अधीक्षकबाईंनी त्याला शब्द दिला होता: तीन महिने डोक्याच्या एकाही कागदावर 'बेशुद्धीचा कालावधी अज्ञात' हा कोड पडला नाही, तर टेबल वर.

एकोणनव्वद दिवस पडला नाही. नव्वदाव्या दिवशी सकाळी दहाला खालच्या खणातली फाईल काढून तो उठला, आणि वरचा उघडा राहिलेला खण टाळूत बसला. डोळे उघडले तेव्हा तो फरशीवर आडवा होता आणि टेबलावरच्या मघा वाफाळणाऱ्या चहावर साय धरली होती.

टेंगूळ दाबत तो अपघात विभागात पोचला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंचा कागद त्याने गेल्याच आठवड्यात तीनदा परत पाठवला होता.

"किती वेळ बेशुद्ध होतात?"

"चहावर साय येईपर्यंत."

"साय सही करते का, काका? पाहिलं कुणी?"

"खाली कोण असणार? मी आणि फायली."

"मग मी कसं लिहू? नियम तुमचाच. परवा एका आईचं नाव राहिलं म्हणून मला तीन जिने उतरायला लावलेत!"

त्याने टेंगूळ पुन्हा चाचपलं, तशी ती जरा नरमली. "जाऊ दे. 'बेशुद्ध नव्हते' लिहिते. तुमचं टेबल वर येईल, माझे जिने वाचतील. गोळी घ्या, घरी जा. फक्त आज दर तासाला कुणीतरी उठवून नाव विचारायला हवं. घरी कोण असतं?"

"कुलूप."

तिने पेन खाली ठेवलं. त्याने खिशातून रुमाल काढला, पुन्हा घडी करून ठेवला.

"अज्ञातच लिहा, बाई. मला खरंच माहीत नाही."

हा प्रामाणिकपणा होता की आणखी काही, याची नोंद कुठेच नाही. पण बेशुद्धीचा ठिकाणा नाही आणि घरी उठवणारं कुणी नाही, म्हणजे चोवीस तास देखरेख आलीच. वॉर्डात त्याला खाट मिळाली, तीही खिडकीजवळची.

"काका, नाव सांगा," पहिल्या तासाला नर्स म्हणाली.

"तळघर."

"डॉक्टर! पेशंट गोंधळलाय!"

मग डोळ्यांत टॉर्च, बोटं किती, वार कोणता, डोक्याचा फोटो.

"अहो, आईवडिलांनी ठेवलेलं सांगा!" नर्स कावली. त्याने वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. ते त्याच्याच कानाला परक्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो खाली आला, तर त्याचाच कागद ढिगात सगळ्यात वर. त्याने कोड घातला: कालावधी अज्ञात.

हिशेब साधा आहे. खिडकी गेली, चार माणसं गेली, चहाही वाया गेला. सगळं त्याच्या एकट्याच्या नावे. जमेला एवढंच, की चोवीस वेळा कुणीतरी येऊन त्याचं नाव विचारलं. नर्सने नोंदीत लिहिलंय, 'रात्रभर दर वेळी गाढ झोपेतून उठवले.' ते साफ चूक आहे. तो जागाच होता. पावलं वाजली की डोळे मिटून घ्यायचा.

एवढी ढळढळीत चूक, पण तो कागद तळघरातून परत गेला नाही.