दात काढले : होय

उद्घोषकांची खालची डावी अक्कलदाढ तीन दिवस ठणकत होती. बसस्थानकावर माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल हे सांगायचे, एवढ्याच कामाचा त्यांना पगार मिळे. तोंडच उघडत नाही म्हटल्यावर नोकरीत उरते काय? आदल्या दिवशी त्यांनी 'फलाट क्रमांक सहा' असे काही पुटपुटले, की अर्धे प्रवासी सातवर धावले. साहेबांनी तोंडी ताकीद दिली. घरी बायकोने तीच जरा मोठ्या आवाजात दिली. शेवटी दुपारी दोनला हजर होण्याच्या अटीवर सकाळची रजा घेऊन ते आपल्या जुन्या दातांच्या डॉक्टरांकडे निघाले. पंधरा वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी त्यांची उजवी दाढ "आ करा" आणि "थुंका" एवढ्या दोन वाक्यांत उपटली होती.

पण दवाखान्याला आता चौकट बसवली होती. उद्घोषकांना वाटले, जुन्या दाराला वाळवी लागली असेल. तसे नव्हते. डॉक्टरांचा मेहुणा 'अनुभवरचना आणि व्यवसायवृद्धीची धोरणात्मक चौकट' असा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम करून आला होता आणि त्याला नाही म्हणायची डॉक्टरांची छाती नव्हती, कारण रोजचे जेवण त्याच्याच बहिणीच्या हातचे होते.

दारावर एक इवलासा कॅमेरा होता आणि त्याखाली पाटी : 'कृपया हसा.' उद्घोषक पडले सभ्य गृहस्थ. सुजलेला गाल सावरत त्यांनी दात दाखवले. टुंग असा आवाज झाला आणि दार उघडले.

"दाढ फार दुखतेय हो," ते टेबलामागच्या मुलीला म्हणाले.

"काका, दुखणं हा शब्द आम्ही बंद केलाय. सुधारणेची संधी म्हणायचं."

"बरं. खालची डावी संधी ठणकतेय. डॉक्टर आहेत ना?"

"आहेत की. पण आधी तुमचा प्रवास व्हायला हवा."

तिने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवले. त्यावर वळणावळणाचा रस्ता होता आणि सात थांबे : जाणीव, जिज्ञासा, ओळख, विश्वास, जवळीक, आनंद, प्रसार. आजवर दुसऱ्यांना प्रवासी म्हणण्यात ज्यांची हयात गेली, त्या उद्घोषकांनी नकाशा अनुभवी नजरेने पाहिला.

"यात विनाथांबा नाही का?"

"नाही, काका. सगळे थांबे घ्यावेच लागतात."

"आणि दाढ कुठल्या थांब्यावर काढतात?"

मुलीने नकाशा खालपासून वरपर्यंत पाहिला. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

ओळखीच्या थांब्यावर एकवीस प्रश्नांची उत्तरे घेऊन त्यांना 'संकोची ससा' या गटात घालण्यात आले. विश्वासाच्या थांब्यावर एका मऊ गादीवर बसवून मंद संगीत ऐकवले. जवळ एक आजीबाई बसल्या होत्या. आठवड्यातून दोनदा येतात म्हणाल्या.

"काय होतंय तुम्हाला?"

"पहिल्यांदा आले तेव्हा पुढचा एक दात हलत होता. अजून हलतोय बघा." त्यांनी तो हलवून दाखवला. "पण माणसं फार गोड आहेत हो इथली. आता तर मला कवळी मंजूर झालीये."

"तुमच्या तोंडात तर सगळे दात आहेत!"

"तोंडात आहेत. कागदावर एकही नाही." आजीबाईंनी कौतुकाने मान हलवली.

उद्घोषक गाल धरून घाईने पुढे सरकले. जवळिकीच्या थांब्यावर स्वतः मेहुणा भेटला.

"आम्ही अभ्यास केला," तो म्हणाला, "लोकांचा अनुभव नेमका कुठे बिघडतो? तर त्या खुर्चीत! सुई, चिमटा, रक्त... शंभरातले ब्याण्णव चेहरे तिथेच पडत होते. मग आम्ही नकाशातून खुर्चीच काढून टाकली. समाधान एकदम वर!"

"पण मग लोक बरे कसे होणार?"

"काका, तुम्ही अजून जुन्या चौकटीत विचार करताय. पूर्वी माणूस दहा मिनिटांत बरा व्हायचा आणि पुढे पाच वर्षं तोंड दाखवायचा नाही. दातांच्या दवाखान्यात तोंड दाखवत नाही म्हणजे काय! आता तोच आठवड्याला दोनदा येतो. याला वृद्धी म्हणतात."

एवढे ऐकल्यावर संकोची सशाचा संकोच संपला. उद्घोषक उठले आणि थांबे न घेता तडक मागच्या खोलीत शिरले. डॉक्टर तिथे होते. खुर्ची प्लास्टिकखाली झाकलेली होती आणि डॉक्टर तिच्या शेजारी स्टुलावर बसून संगणकाकडे बघत होते.

"डॉक्टर, पाया पडतो. दोनला मला माइकवर बसायचंय. काढा एकदाची."

डॉक्टरांचा हात सवयीने खणाकडे गेला. खण उघडेना. त्यांनी पडद्यावर नाव शोधले आणि पडदा उद्घोषकांकडे वळवला.

"तुमची काढून झालीये."

"काय?"

"हे बघा ना. दहा वाजून चाळीस मिनिटं. दात काढले : होय."

"अहो, तेव्हा मी दारात हसलो होतो!"

"तेच तर," डॉक्टर कळवळून म्हणाले. "मेहुण्याने एका ओळीत ध्येय लिहून आणलं, येणाऱ्या प्रत्येकाने दात काढत बाहेर पडावे. मला वाटलं, आपलाच धंदा आहे, त्यात वाईट काय? सही केली. त्याच्या मनात हसणं होतं. आता कॅमेरा हसणारे मोजतो, यंत्र दात वजा करतं आणि एकदा काढलेला दात परत काढायला चिमट्याचा खण उघडत नाही."

"मग ही नोंद खोडा."

"खोडता येते. पण त्यासाठी, आपण हसलो नव्हतो असं हसतमुखाने लिहून द्यावं लागतं."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आले होते. कोपऱ्यातला कॅमेरा त्यांच्याकडे वळताच त्यांनीही घाईघाईने दात दाखवले. टुंग! "माझे आता चारच उरलेत," ते हळूच म्हणाले.

दीड वाजून गेला होता. बाहेर पडायच्या दारावरही तीच पाटी होती आणि दार हसल्याशिवाय उघडत नव्हते. उद्घोषकांनी दातओठ खाल्ले. कॅमेऱ्याला त्यातले ओठ नको होते. मग नोकरी आठवून, डोळे मिटून, त्यांनी सगळा जबडा फाकवला. ठणका थेट मेंदूत गेला. टुंग! कागदावर त्यांचे दोन दात गेले.

दोनला ते माइकवर बसले. सुजलेल्या गालातून 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' याचे जे काही बाहेर पडले, ते ऐकून अख्खे बसस्थानक खो खो हसत सुटले. एक गाडी पन्नास मिनिटे उशिरा आली, दुसरी आलीच नाही. पण तक्रारवहीकडे कुणी फिरकले नाही. साहेबांनी खिडकीतून हे सगळे पाहिले. ते नुकतेच एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते.

संध्याकाळी आदेश निघाला : 'प्रवाशांच्या अनुभवात झालेली लक्षणीय सुधारणा पाहता, उद्घोषकांनी पुढील सूचनेपर्यंत सदर दाढ काढू नये. या कारणासाठी रजेचा अर्ज विचारात घेतला जाणार नाही.'

उद्घोषकांनी तो आदेश गाल धरून दोनदा वाचला आणि त्यांना खरोखर रडू फुटले. त्यांची दाढ आजही तिथेच आहे, आणि ठणकते आहे.

तुम्ही मात्र हे वाचताना मधे दोन-तीनदा दात काढलेत. नाही म्हणू नका, नोंद झाली आहे. तुमच्या त्या हसण्याच्या आधारावर उद्घोषकांच्या दाढेची मुदत आणखी एका वर्षाने वाढवण्यात येत आहे.