हजार वॉटची काळजी

“पॉवर सप्लाय मी आणतो,” असं मी म्हणालो तेव्हा बायकोनं चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. एखादा पेशंट “डॉक्टर, दाढ माझी मीच काढतो,” म्हणाला, तर ती त्याच्याकडे असंच पाहत असणार.

बायको दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना “आ करा” म्हणते आणि संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसून लोकांना गोळ्या घालते. (पडद्यावर. तरी त्या वेळी मी तिला भाजी कुठली करू ते विचारायला जात नाही.) चौघांचा संघ आहे, ही कॅप्टन. बाकीचे तिघं कॉलेजातले. ते हिच्या कानात “काकू, डावीकडे! काकू, छतावर!” असं ओरडत असतात, आणि घरात स्टुलावर चढायचं म्हटलं तरी जिला गरगरतं ती आमची ही, त्या छतावरून खुशाल उडी मारते.

पण महिनाभर तिचा कॉम्प्युटर ऐन लढाईत फट् करून बंद पडत होता. साध्या कामाला काही नाही, खेळ रंगात आला की अंधार. मागच्या रविवारी असाच गेला आणि मागे उरलेली तिन्ही पोरं हकनाक मेली. आता या रविवारी हरले तर स्पर्धेतून बाहेर. “पॉवर सप्लाय गेला असणार, तो आतला वीज पुरवणारा डबा,” ही म्हणाली, “पण आठवडाभर मला मान वर करायला फुरसत नाही हो.” तिचा चेहरा इतका उतरला होता, की माझ्या तोंडून ते वाक्य निसटलं.

आता माझं सांगतो. मी विमा कंपनीत, दावे विभागात कारकून आहे. इस्त्री, गीझर, उशाशी चार्जिंगला लावलेला मोबाइल, जगात जे जे म्हणून पेटू शकतं ते सगळं माझ्या टेबलावरून पुढे जातं. त्यामुळे काळजी करणं हा माझा स्वभाव नाही, पेशा आहे. त्या कॉम्प्युटरचीसुद्धा खरी काळजी घरात मीच घेतो. बिचारा टेबलाखालच्या कोपऱ्यात थेट गार फरशीवर उभा असायचा आणि घरघरायचा. थंडी सुरू झाली तशी मीच त्याच्या बुडाखाली जाड लोकरीच्या स्वेटरची घडी सरकवली. (स्वेटर सासूबाईंनी माझ्यासाठी विणलेला. रंग असा, की तो घालून रस्त्यात उतरलो तर गाड्या आपोआप थांबतील. तोही मार्गी लागला.) याबद्दल कुणी माझे आभार मानावेत अशी माझी अपेक्षा नव्हती.

तर मी दुकानात गेलो.

“पॉवर सप्लाय हवाय.”

“किती वॉटचा?”

“चांगला.”

“ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे?”

“काळं.”

दुकानदारानं चष्मा काढून पुसला. “ब्रॉन्झ देऊ, गोल्ड देऊ की प्लॅटिनम?”

मी खिशावर हात ठेवला. हे दागिन्यांचं दुकान नाही ना, म्हणून बाहेरची पाटी पुन्हा वाचून आलो. मग त्यानं समजावलं, की जितकी वरची प्रत तितकी वीज कमी वाया जाते, बाकी सोन्याचा काही संबंध नाही.

“आणि जास्त वॉटचा घेतला, तर जादा वीज आत घुसून सगळं जळणार नाही ना?”

“काका, गच्चीवरची टाकी मोठी आहे म्हणून खालची बादली फुटते का? लागेल तेवढंच घेणार.”

“आणि कमी पडला तर?”

“तर बंद पडेल.”

आमच्या ऑफिसात तीन ठिकाणी विचारल्याशिवाय साधी टाचणीही घेत नाहीत. मी दुकानाबाहेर येऊन मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, “भावोजी, साडेसहाशे डोळे झाकून घ्या.” ऑफिसातल्या हेडक्लार्कला लावला. ते म्हणाले, “आमच्या पुतण्याच्या सप्लायमधून धूर निघाला होता. वॉटबिट माहीत नाही, पण धूर काळा होता.” शेवटी भीतभीत हिला लावला.

“अहो, साडेसातशे, गोल्ड,” ही म्हणाली. “आणखी मोठा आ करा.”

“मी?”

“तुम्ही कशाला? पेशंट. ठेवा फोन.”

साडेसहाशे, साडेसातशे आणि काळा धूर. विम्यात शिकलेली एकच गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, ती म्हणजे संरक्षण नेहमी जास्तीचं घ्यावं. मी हजार वॉटचा घेतला. जुन्या कंपनीनं दगा दिलेला, म्हणून कंपनीही दुसरी निवडली. तो खोका मांडीवर घेऊन रिक्षात बसलो, तेव्हा तान्हं बाळ घरी आणतोय असं वाटत होतं. ड्रायव्हरला दोनदा “जरा सावकाश” म्हणालो.

रविवारी सकाळी हिला क्लिनिकमध्ये तातडीचं बोलावणं आलं. मी कॉम्प्युटर टेबलावर घेतला आणि उघडला. आतल्या केबल तिनं एक अख्खी सुट्टी खर्ची घालून वळवल्या होत्या आणि जांभळ्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या. एकही केबल दुसरीवर चढलेली नाही. यांना हात लावला तर संसाराचं काही खरं नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी युक्ती केली. केबल जागच्या जागी ठेवल्या, जुन्या डब्यातून त्यांची टोकं काढली, जुना डबा बाहेर, नवा आत, आणि तीच टोकं नव्यात खोचली. खट्, खट्, खट्! सगळी बसली! नव्या खोक्यात केबलची एक भलीमोठी पिशवी उरली, ती मी पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून माळ्यावर टाकली. मग कॉम्प्युटर पुन्हा टेबलाखाली, स्वेटर नीट सारखा करून, त्यावर ठेवला. बटण मात्र दाबलं नाही. पहिला मान तिचा. (खरं कारण तुम्ही ओळखलं असेलच.)

दुपारी ही आली, वाकून कॉम्प्युटरच्या बाजूच्या काचेतून आत पाहिलं आणि म्हणाली, “अय्या, एकट्यानं केलंत?” लग्न झाल्यापासून हा “अय्या” मी मोजक्याच वेळा ऐकलाय. मी उगाच स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन घरभर फिरलो.

सामन्याला अर्धा तास उरला. ही खुर्चीत बसली, पोरं फोनवर स्पीकरमधून बोलत होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. मेहुणा.

“भावोजी, जमलं का?”

“त्यात काय? केबलसुद्धा बदलाव्या लागल्या नाहीत. जुन्याच फिट बसल्या.”

“भावोजी, सप्लाय त्याच कंपनीचा आहे ना?”

“छे! त्यांच्यावर आता कोण विश्वास ठेवतो?”

“चालू केला?”

“ताई करतेय.”

“थांबवा तिला! आतलं सगळं जळेल!”

जळेल! आयुष्यभर मी या शब्दाची वाट पाहत होतो आणि तो माझ्याच घरात आला होता. हिचं बोट बटणाकडे निघालं होतं. मी “नकोऽऽ!” करत झेप घेतली, भिंतीतला प्लग धरला आणि त्याच्यासकट फरशीवर आडवा झालो. टेबलावरचा दिवा माझ्या पाठीवर पडला.

“काकू? कसला आवाज झाला?” स्पीकरमधून एकानं विचारलं.

“काका पडले.”

“हां, मग ठीक आहे. काकू, लवकर या, थोडाच वेळ उरलाय.”

मी पडल्या पडल्या सगळं सांगितलं. हिनं डोळे मिटले आणि पेशंटशी बोलते तशा आवाजात म्हणाली, “अहो, केबलचं कॉम्प्युटरकडचं टोक सगळीकडे सारखं असतं. डब्याकडचं टोक ज्या त्या कंपनीचं वेगळं. बसतं, पण आतल्या तारा उलट्यासुलट्या असतात. नव्या केबल कुठे आहेत?”

मी माळ्याकडे बोट दाखवलं. मग मी वर चढलो, पिशवी काढली, आणि तिनं टेबलाखालच्या अंधारातच वाकून त्या जांभळ्या पट्ट्या कात्रीनं कराकर कापल्या. मी बॅटरी धरून उभा होतो आणि उजेड छतावर नाचत होता. “उजेड इकडे धरा. भूल देऊ का तुम्हाला?” ही म्हणाली. पण झालं एकदाचं. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, काहीही जळलं नाही. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

सामना सुरू झाला. पहिला डाव जिंकले! दुसऱ्या डावात कॉम्प्युटर विमानासारखा घोंघावायला लागला. मी खुर्चीचा पाय धरून बसलो. घोंघावणं वाढत गेलं आणि फट्. अंधार.

“काकू गेल्या!” पोरं किंचाळली.

ही हवेत हुंगत म्हणाली, “कसला वास येतोय? लोकरीचा?” आणि टेबलाखाली वाकून हात घातला. बाहेर आला तो कढत स्वेटर, त्या रंगासकट.

“हा आईनं विणलेला ना? तुम्ही म्हणाला होतात, ऑफिसात ठेवलाय, रोज घालतो.”

“फरशी गार लागत होती गं...”

“कुणाला?”

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

“अहो, सप्लायचा पंखा खालून हवा घेतो! महिनाभर तुम्ही त्याचं नाक दाबून धरलंय! म्हणजे जुन्याला काही झालंच नव्हतं!”

तो डाव गेला. तिसऱ्याला, उघड्या गार फरशीवर, कॉम्प्युटर मांजरासारखा गुरगुरत राहिला आणि ही छतांवरून उड्या मारत राहिली. जिंकले! पोरांनी इतका गोंगाट केला, की शेजाऱ्यांनी बेल वाजवून विचारलं. दार मीच उघडलं, तो स्वेटर घालून. (शिक्षा. मुदत सांगितलेली नाही.)

खेळ आवरल्यावर मी हळूच विचारलं, “पोरांना सांगितलंस का सगळं?”

“नाही हो. हवा अडली होती, एवढंच म्हटलं.”

अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

“उलट तेच विचारत होते,” ती हेडफोन काढत म्हणाली, “की संघात एक राखीव जागा आहे, काका खेळतील का?”

“मग? काय म्हणालीस?”

“म्हटलं, शक्य नाही. ते महिनाभर समोरच्या संघाकडून खेळतायत.”