नामांकित संस्थेला पाहिजे

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्या घरातला नळ गळतो आहे. साधी माणसे काय करतात? प्लंबरला बोलावतात. पण समजा, तुमचे घर हे घर नसून एक संस्था आहे. मग आधी नळासंबंधी सभा भरेल. सभा एक समिती नेमेल. प्लंबर कसा असावा, उंच असावा की हसतमुख असावा, हे समिती ठरवेल. आणि तोवर पाणी गुडघ्यापर्यंत आले, तर तशी नोंद इतिवृत्तात होईल. काम करण्यापेक्षा ते करणारा माणूस शोधण्याचे काम मोठे असते, हे एक थोर सत्य आहे. साध्या माणसांना ते कळत नाही, म्हणून त्यांचे नळ लगेच दुरुस्त होतात.

आता अशाच एका संस्थेत चिमणीच्या आईला बसवा. चिमणी म्हणजे नऊ वर्षांची एक मुलगी. तिच्या खोलीत मोजे, रंगपेट्या आणि अर्धवट वाचलेली पुस्तके इतक्या एकोप्याने राहत की पलंग कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते, हे तिलाही सांगता आले नसते. "खोली आवर" हे वाक्य आई रोज म्हणे आणि चिमणी रोज ऐके. दोघीही आपापले कर्तव्य चोख बजावत.

आईला ऑफिसात सगळे भरतीबाई म्हणत, कारण माणसे नोकरीवर घेण्याचे काम तिच्याकडे होते. संस्था हातकाठ्या बनवी. साध्या, घडीच्या, चार पायांच्या. काठ्या खरोखर चांगल्या होत्या. संस्थेची वेबसाइटही होती. तिच्यावर 'मागणी नोंदवा' असे हिरवे बटण होते आणि ते दाबले की संस्थापकांचा फोटो दिसे. काठी सोडाच, काठीच्या टोकाचे रबरसुद्धा मागवता येत नसे. (फोटो भारदस्त आहे. पण गुडघे धरून बसलेल्या माणसाला त्याचा कितीसा आधार?)

ही वेबसाइट सांभाळणारा वेब डेव्हलपर नोकरी सोडून गेला होता. जाताना कारणही सांगून गेला. तुमच्या जाहिरातीत 'कुटुंबासारखे वातावरण' असे लिहिले होते म्हणून आलो, ते खरे निघाले म्हणून जातो.

तेव्हा नवा माणूस हवा होता. भरतीबाईंनी चहा निवायच्या आत जाहिरात लिहून काढली: 'आमच्या वेबसाइटचे बटण बिघडले आहे. ते दुरुस्त करून पुढे वेबसाइट सांभाळणारे माणूस हवे. पगार वेळेवर मिळेल.'

समितीने ती वाचली. समितीत साहेब, हिशेबनीस आणि गोदामप्रमुख होते. भरतीबाईही होत्या (चहा सांगण्यासाठी). मग ती टेबलाभोवती पुन्हा एकदा फिरली.

"समजतेय सगळं," साहेब शेवटी म्हणाले. "पण आकर्षक नाही हो."

ही दुरुस्ती योग्यच होती. जे लगेच समजते त्याचे आकर्षण कोणाला? शिवाय त्या मजकुरात बटण बिघडल्याची कबुली होती आणि पगाराचा उल्लेख होता. दोन्ही गोष्टी घरच्या घरी ठेवायच्या.

मग प्रत्येकाने आपापल्या परीने भर घातली. हिशेबनीसांनी 'लवचिक वेळ' हे शब्द सुचवले. (लवचिक वेळ ही संध्याकाळच्या बाजूनेच ताणली जाते, सकाळच्या बाजूला ती लोखंडी असते.) गोदामप्रमुखांनी 'निसर्गरम्य परिसर' घातला. जिन्याखाली एक कुंडी होती, ती त्यांच्याच ताब्यात. साहेबांनी 'स्वतःला सिद्ध करण्याची अमर्याद संधी' दिली. म्हणजे खात्यात दुसरे कोणीही नाही. उमेदवाराला कोणकोणती कामे यावीत याची यादी इतकी लांबली की ती सगळी येणारा माणूस सापडलाच, तर त्याला उचलून न्यायला एखादे सरकार येईल अशी शंका हिशेबनीसांनी काढली. तिचीही नोंद झाली.

फोटोही हवा होता. टेबलावर ताज्या फळांची टोपली आणि भोवती खळखळून हसणारे कर्मचारी. फळे मेणाची आणली, कारण ती नासत नाहीत. कर्मचारी मात्र खरेच वापरावे लागले. हिशेबनीसांना हसवायला अख्खी दुपार गेली. शेवटी कोणीतरी त्यांना म्हणाले की यंदा पगारवाढ होणार आहे. ते जे हसले, तोच फोटो निघाला. तरीही चेहरे नीट येईनात, म्हणून छापताना सगळे पुसट केले आणि टोपली तेवढी ठसठशीत ठेवली.

शेवटी मजकूर शब्दांना झिलई देणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीकडे गेला. तिने अशी झिलई दिली की लिहिणाऱ्यांनाही आपले वाक्य ओळखू येईना. (दुसऱ्याचे वाक्य तर कोणी आधीही वाचले नव्हते.) राहता राहिले संस्थेचे नाव. ते छापायचे नाही, ही तिथली जुनी रीत. नाव दिले की लोक चौकशी करतात. म्हणून वर ठळक अक्षरांत आले: 'एका नामांकित संस्थेला पाहिजे'.

जाहिरात छापायला जाताना साहेबांनी भरतीबाईंना थांबवले आणि अगदी मायेने सांगितले, "महिनाअखेर ही जागा भरली नाही, तर तुमच्या जागेची जाहिरात द्यावी लागेल. तीही अशीच आकर्षक हवी. तुम्हीच लिहाल ना?"

भरतीबाई हो म्हणाल्या. आपल्या जागी कोण हवे हे आपणच आकर्षकपणे लिहायचे, ही संधी फार थोड्यांच्या वाट्याला येते.

घरी चिमणीने वर्तमानपत्रातली ती जाहिरात मोठ्याने वाचून काढली. फोटो जवळ धरून पाहिला.

"आई, हे ऑफिस कुठे आहे गं?"

"का?"

"तू तिथे नोकरी कर ना. तुझ्या ऑफिसातून तू कशी येतेस, पिळलेल्या फडक्यासारखी. इथे बघ, सगळे हसतायत. फळंपण देतात."

"ते माझंच ऑफिस आहे."

चिमणीने पुन्हा फोटो पाहिला, मग आईकडे पाहिले. "मग तुला फळं का नाही देत?"

"मेणाची आहेत ती."

चिमणी यावर काही बोलली नाही. मुले गप्प बसली की मोठ्यांना वाटते, विषय संपला. मुलांनो, तुम्हाला ठाऊक आहे की तेव्हा तो सुरू होतो.

अर्ज भराभर आले. समिती जमली. भरतीबाईंनी पाकिटे फोडली, एकेक अर्ज वाचला आणि ज्याचा त्याच्या पुढ्यात ठेवला. कारण सगळे अर्ज संस्थेच्याच इमारतीतून आले होते.

हिशेबनीसांनी लिहिले होते की आपण सध्या एका कोंदट जागी काम करतो आणि हसतमुख सहकाऱ्यांची आपल्याला फार दिवसांची ओढ आहे. गोदामप्रमुखांना निसर्गरम्य परिसर हवा होता. दारावरच्या रखवालदाराने फक्त फळांविषयी चौकशी केली होती. संगणक यांपैकी कोणालाच फारसा येत नव्हता, पण 'शिकण्याची तयारी' सर्वांनी दाखवली होती. शेवटचा अर्ज साहेबांचा होता. सध्याची नोकरी का सोडता, या प्रश्नापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: 'वरिष्ठ समजूतदार नाहीत. हाताखालचे त्याहून नाहीत.'

बाहेरच्या एकाही डेव्हलपरचा अर्ज नव्हता. ज्यांना काम येते त्यांना बहुधा जाहिरातही वाचता येते.

चहा आला, पिऊन झाला. कोणी कोणाकडे पाहिले नाही. इतिवृत्तात एवढेच आले: 'सर्व अर्जदार अपात्र. तथापि संस्थेच्या जाहिरातीवरचा त्यांचा विश्वास वाखाणण्याजोगा आहे.' उठताना साहेबांनी भरतीबाईंना आठवण करून दिली, की महिना संपत आला आहे.

त्या संध्याकाळी भरतीबाई घरी कोरा कागद घेऊन बसल्या. वर लिहिले, 'एका नामांकित संस्थेला भरती अधिकारी पाहिजे', आणि पुढे काही सुचेना. आपण सध्या काय करतो ते लिहिले तर कोणी येणार नाही, आणि आकर्षक लिहिले तर स्वतःलाच अर्ज करावासा वाटेल. चिमणीने खोली आवरली आहे का, हे विचारायचेही त्यांना सुचले नाही. तेव्हा चिमणीला कळले की प्रकरण गंभीर आहे.

तिने काय केले? आईची पहिली जाहिरात, ती नापसंत झालेली तीन वाक्यांची, पाठकोरा कागद म्हणून चिमणीच्याच खोलीत आली होती. त्या कागदाच्या मागे चिमणीने एक घोडा काढला होता. तिने ती शोधली (या शोधाचे वर्णन करायला वेगळे पुस्तक लागेल), खाली आईचा फोन नंबर घातला आणि त्या राहत असलेल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चिकटवून दिली.

रात्रीची भांडी व्हायच्या आत वरच्या मजल्यावरच्या ताई खाली आल्या. त्या वेब डेव्हलपर होत्या. मोठी जाहिरात त्यांनीही वाचली होती आणि वाचून वर्तमानपत्राची घडी घातली होती.

"पगार खरंच वेळेवर?" त्यांनी विचारले.

"तेवढं एकच खरं आहे," भरतीबाई म्हणाल्या. मग आणखी आठवून म्हणाल्या, "बटणही खरंच बिघडलंय."

ताई रुजू झाल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपूर्वीच बटण दाबल्यावर काठी मागवता येऊ लागली. भरतीबाईंची जागा राहिली. संस्थेने या यशाचा अभ्यास करायला समिती नेमली असून लिफ्ट अधिक आकर्षक कशी करता येईल यावर तिचा अहवाल येणार आहे.

आणि चिमणी? पुढच्या रविवारी आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "खोली आवर." चिमणी नेहमीसारखी ऐकून थांबली नाही. खोलीत गेली, दार लोटून घेतले आणि थोड्या वेळाने दारावर बाहेरून एक कागद लागला:

'एका नामांकित खोलीला पाहिजे: व्यवस्थापक. कुटुंबासारखे वातावरण. लवचिक वेळ. स्वतःला सिद्ध करण्याची अमर्याद संधी. ताजी फळे.'

आधी बाबा आले. वाचून त्यांनी केसांवरून हात फिरवला. मग आजोबा आले. चष्मा पुसत त्यांनी विचारले, जागा भरली तर नाही ना? त्यांच्या मागे रांगेत तुम्ही उभे आहात. हसू नका. 'ताजी फळे' वाचून कोणती असतील असे तुमच्याही मनात आलेच. एवढी मोठी गोष्ट वाचून झाल्यावरसुद्धा आले.

चिमणीने दार बोटभर उघडले, तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि फटीतून एक झाडू बाहेर सरकवत विचारले, "अनुभव किती?"