बेडकीला रिव्हर्स नाही

“बाबा, मोटरसायकलला रिव्हर्स असतो का हो?”

प्रश्न तुडतुडीचा नव्हताच. चार मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत तो तिच्या गळ्यात बांधला होता. “आहे हिंमत? विचारून दाखव घरी!” आणि हिंमत हा शब्द ऐकला की तुडतुडी आजकाल मागेपुढे बघत नसे. गेल्याच महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून तिला घाबरायचं कसं असतं तेच आठवेनासं झालं होतं.

बाबा गाडीखाली होते. त्यांच्या फक्त चपला बाहेर दिसत होत्या. चपला हलायच्या थांबल्या.

“मोटरसायकलला कशाला रिव्हर्स? पाय टेकवायचे आणि मागे घ्यायची.”

“आणि मोटरसायकलचं इंजिन कारमध्ये बसवलं तर?”

गाडीखाली काहीतरी खण्णकन पडलं. मग नाकावर ऑइलचा मोठा ठिपका घेऊन बाबांचा चेहरा हळूहळू बाहेर आला. त्यांनी आधी तुडतुडीकडे पाहिलं, मग गाडीच्या नाकाकडे, मग त्या नाकापुढे वीतभर अंतरावर असलेल्या भिंतीकडे.

“तुडतुडे,” ते क्षीण आवाजात म्हणाले, “टॉर्च नीट धर.”

बेडकी म्हणजे आजोबांची दोन दारांची जुनीपुराणी गाडी. डोळे वटारल्यासारखे दोन गोल दिवे, म्हणून बेडकी. चार वर्षांपूर्वी तिच्या इंजिनाने राम म्हटला आणि त्याचे पार्ट कुठेच मिळेनात. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्यभर तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू पिळलेल्या या माणसाने एका अपघातातल्या मोटरसायकलचं इंजिन आणलं आणि गेले तीन महिने खपून ते बेडकीच्या पोटात बसवलं. वेल्डिंगला शेजारचे वेल्डरकाका होते. गॅरेजचा नियम पहिल्या दिवसापासून ठरलेला: पाना बाबांच्या हातात, टॉर्च तुडतुडीच्या.

आईचा नियम वेगळा होता. आई कपडे शिवायची. दोन मशिनी बाहेरच्या खोलीत आणि तिसरी कपाटाला टेकून, त्यामुळे कपाट उघडायचं तर आधी मशीनला विनंती करावी लागे. तिला गॅरेज हवं होतं. तिने सांगून टाकलं होतं, “रविवारी सकाळी दहाला भंगारवाले येतायत. त्यांच्यासमोर ही गाडी आपल्या ताकदीने बाहेर आली तर राहील, नाही तर जाईल. आणि ढकलायची नाही हं! चार वर्षं केर काढायला मीच ढकलतेय तिला. माझ्या कमरेचं भंगार झालंय.”

“मान्य!” बाबा ताडकन म्हणाले होते. इंजिन तर पहिल्या फटक्यात सुरू होत होतं. फक्त बेडकी गॅरेजमध्ये नाक भिंतीकडे करून उभी होती, ही गोष्ट रोज समोर दिसत असून कुणाच्याच डोक्यात शिरली नव्हती. चष्मेवाल्याच्यासुद्धा नाही.

आणि आज शनिवार होता.

वेल्डरकाका धावत आले. त्यांना अडचण सांगितली तर त्यांचे डोळे चमकले. “भिंत पाडू की!”

“भिंतीपलीकडे आमचं स्वयंपाकघर आहे,” बाबा म्हणाले.

“मग आत शिरताना वहिनींना हॉर्न द्यायचा.”

गाडी जॅकवर उचलून जागच्या जागी फिरवायचं ठरलं. बाबांनी टेप लावून गाडीची लांबी मोजली, गॅरेजची रुंदी मोजली आणि हिरमुसून पुन्हा मोजली. भिंतींनी तसूभरही माया दाखवली नाही. बाबा बेडकीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. आजोबा त्यांना याच गाडीतून शाळेत सोडायचे. बाबांनी बॉनेटवरची धूळ बाहीने पुसली आणि तुडतुडीला ते बघवेना.

“मी पाणी आणते,” असं म्हणून ती स्वयंपाकघरात पळाली. तिथे ओट्यावर अंडी फेटायचं हाताचं मशीन पडलं होतं. तिने सहज दांडी फिरवली. पुन्हा फिरवली. मग पाणीबिणी विसरून मशीन उंच धरून ती तिरासारखी परत आली.

“बाबा! मधलं मोठं चाक एकच, पण हे पातं इकडे फिरतंय आणि ते तिकडे!”

“बरं. टॉर्च धर.”

तुडतुडीने टॉर्च बंद केला. गॅरेजमध्ये अंधुक झालं. तीन महिन्यांत असा उठाव झाला नव्हता.

“आधी ऐका. छोटं चाक मोठ्याच्या या बाजूला असलं तर सुलट, त्या बाजूला असलं तर उलट. आपल्या मागच्या चाकांमधल्या डब्यातही अशीच दोन चाकं आहेत. तीन महिने मी टॉर्च मारून काय बघत होते? तो डबाच उलटा बसवला, तर इंजिन आहे तसं फिरेल आणि गाडी मागे जाईल!”

बाबा मशीनकडे बघत राहिले. वेल्डरकाकांनी दांडी फिरवली, एकदा सुलट, एकदा उलट, आणि मग नुसत्या आनंदाने फिरवतच राहिले.

“म्हणजे डिफरन्शियलचा डबा उलटा,” बाबा पुटपुटले. “तेल घालायचं भोक खाली येईल.”

“बुचाला रबर लावू,” काका म्हणाले. “कार्टी बरोबर बोलतेय.”

दुपारभर तिघं घामाने निथळत होते. जॅक, नट, ठोकाठोकी, काकांच्या अंगठ्यावर एक हातोडा आणि त्यानंतर काकांच्या तोंडून आलेले काही शब्द, जे तुडतुडीने मैत्रिणींसाठी लक्षात ठेवले. चार वाजता चाकं हवेत असतानाच इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला. चाकं उलटी फिरली! तिघं असे नाचले की आई दारात डोकावून गेली. तिच्या गळ्यात मोजायची टेप होती. ती टेप गॅरेजपाशी कशाला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

रविवारी दहाला फाटकाशी भंगारवाल्यांचा टेम्पो लागला. कंपाउंडच्या भिंतीवर चार मैत्रिणी पाय हलवत बसल्या होत्या. बाबांनी आतून एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

फट्-फट्-फट्-फट्! बेडकी थरथरली, खोकली आणि झोकात मागे आली. उंबरठा ओलांडून, कुंडीला निसटता धक्का देऊन, थेट अंगणाच्या मधोमध. मैत्रिणींनी शिट्ट्या मारल्या. “बाबा ऽऽ!” तुडतुडी किंचाळली. बाबांचा चष्मा वाफेने की कशाने ओलसर झाला होता.

“शब्द म्हणजे शब्द,” आई म्हणाली. “दादा, तुम्ही जा. गाडी राहणार.”

भंगारवाले खट्टू होऊन गेले. बाबा राजासारखे हसले. “चला, आता हिला आत घेतो.”

त्यांनी गिअर टाकला. बेडकी मागे गेली. दुसरा टाकला. ती जरा जास्त जोरात मागे गेली. तिसरा टाकायच्या आत फाटक पाठीशी आलं.

भिंतीवरून आवाज आला, “ए तुडतुडे! विचार की आता, हिला पुढे जायचा गिअर आहे का?”

पाच गिअर होते. पाचच्या पाच मागचे.

“ढकलू या,” वेल्डरकाका बाह्या सरसावत म्हणाले.

“ढकलायची नाही असं ठरलंय,” आई म्हणाली आणि कपाटाजवळची मशीन घेऊन शांतपणे गॅरेजकडे निघाली.

तुडतुडी तिच्या मागे धावली. बेडकीच्या नाकासमोरच्या त्या भिंतीवर शिवणाच्या खडूने तीन चौकोन आखलेले होते. प्रत्येकात एकेक मशीन नेमकी मावेल असे. खडूवर कालची धूळ बसलेली होती.

“आई! तुला कालच माहीत होतं?”

“अंडी मीही फेटते गं,” आई म्हणाली.

बाबा अंगणात स्टिअरिंग धरून बसले होते. हसावं की रडावं, हे त्यांचं अजून ठरायचं होतं. तुडतुडीने गॅरेजमधला टॉर्च उचलला, गॅरेज आणि गाडी यांच्या बरोबर मध्ये जाऊन उभी राहिली आणि वक्तृत्व स्पर्धेतल्या आवाजात म्हणाली,

“आई, बाबा, दोघंही ऐका. माझं ठरलंय. बेडकी अंगणातच राहील, तिच्या सीटांची कव्हरं आई शिवेल. आणि तो डबा मी पुन्हा उघडणार. पुढेही जाईल आणि मागेही येईल असा करेपर्यंत बंद करणार नाही, मग वर्ष लागो. आजपासून पाना माझ्या हातात.”

तिने टॉर्च बाबांच्या हातात ठेवला.

“आणि बाबा, नीट धरा हं.”