मॅडम बाहेर गेल्या आहेत

मिस्त्रींची बायको गेली त्या दिवशी ती बातमी सगळ्यांना मेहुण्याने कळवली. हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून तो एकामागून एक फोन लावत होता आणि मिस्त्री बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. नंतरचे सगळे कागद लेकीने केले. शेजाऱ्यांना आपोआप कळलं. आठ महिने होत आले, पण 'ती गेली' हे मिस्त्रींना स्वतःच्या तोंडाने कुणालाच सांगावं लागलं नव्हतं. आपण त्यातून सुटलो असंच ते धरून चालले होते. इंटरनेटवाले त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

बायकोचा फोन ते रोज चार्ज करून ठेवत. एका सकाळी त्यावर मेसेज आला. प्रिय ग्राहक, आपला दोन वर्षांचा करार महिनाअखेर संपत आहे, त्यानंतर नवे दर लागू होतील. नवा दर जुन्याच्या जवळजवळ दुप्पट होता. मिस्त्रींनी लेकीला फोन लावला.

"बाबा, कंपनी बदलून टाका," लेक म्हणाली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि तिला वडिलांशी बोलता बोलता भाजीही चिरता येत असे. "लोक दर दोन वर्षांनी बदलतात. मी तीन कंपन्या बघून ठेवल्यात. एक स्वस्त आहे पण हळू. एक फास्ट आहे पण पावसात बंद पडते म्हणे. तिसरी बरी वाटतेय. त्यांचा माणूस उद्या घरी पाठवते."

"बरा की वाईट, हे मला कसं कळायचं?"

"वेग विचारा, दर विचारा आणि करार किती दिवसांचा ते विचारा."

मिस्त्रींची हयात लाकूडकामात गेली होती. प्लायवूड नखाने वाजवून ते आतली भेग सांगत. पण इंटरनेट वाजवून बघायची काही सोय नव्हती. आणि आजवर या खात्याचा सगळा कारभार बायकोकडे होता. करार संपायची वेळ आली की ती फोनवर कंपनीला असं काही झापायची, की पलीकडचा माणूस दर कमी करून वर आभार मानायचा.

दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीचा माणूस आला. उन्हातून आला होता तरी गळ्यात टाय होता. बसल्या बसल्या त्याने टॅब उघडला.

"काका, तुम्ही फक्त हो म्हणा. आमच्याकडे आलात, की जुनी कंपनी तुमच्या आठवणीतसुद्धा राहणार नाही."

"ते नको," मिस्त्री म्हणाले. "वेगाचं सांगा."

टायवाल्याने वेगाचं सांगितलं. मिस्त्रींनी मान डोलावली. त्यातलं त्यांना काही कळलं नव्हतं, पण पोराची मेहनत दिसत होती. मग फॉर्म आला.

"जुनं कनेक्शन तुमच्याच नावावर ना?"

"नाही. बायकोच्या."

"हरकत नाही. काकूंना म्हणावं, जुन्या कंपनीला एक फोन करून बंद करायला सांगा. त्याच लाइनवर आमचं बसतं. आत आहेत का त्या?"

मिस्त्रींनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"बाहेर गेलीय," ते म्हणाले.

"मग आल्यावर करू द्या. मी दोन दिवसांनी येतो."

टायवाला गेल्यावर मिस्त्रींनी दार लावलं. एवढ्याशा खोट्याने काही बिघडत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. जुन्या कंपनीला आपणच फोन करू आणि तिथे खरं काय ते सांगून मोकळे होऊ. तिथे काय, ओळख ना पाळख.

फोनवर एक मुलगी आली. आवाज इतका गोड होता की मिस्त्रींचा धीर तिथेच खचला.

"नमस्कार. मी मॅडमशी बोलू शकते का?"

"मी त्यांचा नवरा बोलतोय. ते कनेक्शन बंद करायचं होतं."

"सर, खातं मॅडमच्या नावावर आहे. त्यांच्याशीच बोलावं लागेल. घरी नाहीत का?"

"नाहीत."

"कधीपर्यंत येतील?"

"ते सांगता येत नाही."

"गावाला गेल्यात का?"

आता एक तर खरं सांगायचं, नाही तर खोट्याला खोटं जोडायचं. मिस्त्री जन्मभर सांधे जोडत आलेले. "बहिणीकडे गेलीय," ते म्हणाले.

"मग मीच संध्याकाळी फोन करते, सर. आणि मॅडमना एक सांगून ठेवा. त्या आमच्या जुन्या ग्राहक आहेत, त्यांना सोडायची आमची इच्छा नाही. त्या राहणार असतील, तर आहे त्या दरात आणखी दोन वर्षं देऊ. फक्त त्यांच्या तोंडून होकार हवा."

हे ऐकून मिस्त्रींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कंपनी बदलली तर बायकोचं सांगावं लागणार. नाही बदलली तर कुणाला काही सांगायला नको, आणि दरही तोच. लेकीने सांगितलेले वेग, दर, करार सगळे बाजूला पडले. कंपनी ठरली. राहिला फक्त होकार, आणि होकारापुरता एक बाईमाणसाचा आवाज.

वरच्या मजल्यावर टेलरवहिनी राहत. बायकोचं आणि त्यांचं चांगलं सूत होतं. मिस्त्री गेले तेव्हा त्या ब्लाउजच्या बाहीला टाचण्या लावत होत्या आणि उरलेल्या टाचण्या ओठांत धरलेल्या होत्या.

"मला बायको व्हायला सांगताय?" टाचण्यांमधून वहिनी म्हणाल्या.

"फोनवर. दोन मिनिटं."

"आमच्या ह्यांना विचारू का?"

आतून ह्यांचा आवाज आला, "दोन मिनिटं कशाला, आठवडाभर ठेवून घ्या."

"बघितलंत? अशा घरात राहते मी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी टाचण्या उशीत खोचल्या आणि उठल्या. जिना उतरताना मात्र त्या जरा थांबल्या. "मिस्त्री, खरं सांगून टाकणं सोपं नाही का हो?"

"सोपंच आहे," मिस्त्री म्हणाले आणि पुढे झाले.

संध्याकाळी फोन आला. वहिनींनी घसा साफ केला. बायको फोनवर दरडावून बोलायची हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी सुरुवातच वरच्या पट्टीत केली.

"काय हो, कधीपासून वाट बघतेय."

"सॉरी मॅडम. आलात का बहिणीकडून?"

"आले. चार दिवसांवर काय राहायचं कुणाकडे."

मिस्त्रींनी खुणेने 'आवरा' म्हटलं. जन्मतारीख विचारली गेली. मिस्त्रींनी ती बोटांनी दाखवली, वहिनींनी ती बरोबर सांगितली. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली.

"छान. आता शेवटचा सुरक्षा प्रश्न, मॅडम. खातं उघडताना तुम्हीच निवडला होता. तुमची सर्वात आवडती जागा कोणती?"

वहिनींनी फोनवर हात ठेवला. "आवडती जागा?"

"माहेर. तिचं माहेर," मिस्त्री कुजबुजले.

"माहेर."

"नाही जुळत, मॅडम. एका महिन्यात तीनदाच सांगता येतं. आता दोनदा राहिलं."

मिस्त्री विचारात पडले. तेवढ्यात वहिनींनी आपल्याच मनाने सांगून टाकलं, "स्वयंपाकघर."

"नाही, मॅडम."

"नसणारच," वहिनी फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "कुठल्या बाईची आवडती जागा स्वयंपाकघर असते? माझी तरी आहे का? मीच येडी."

पलीकडच्या मुलीला बहुधा दया आली. "मॅडम, शांतपणे आठवा. स्क्रीनवर मला उत्तर दिसत नाही, पण चौकटी दोन आहेत. म्हणजे शब्द दोन आहेत."

दोन शब्द म्हटल्यावर मिस्त्रींचा चेहरा उजळला. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. हे घर त्यांनी स्वतः उभं केलं होतं. प्रत्येक दार, प्रत्येक कपाट, ओट्याखालचे खण, सगळं तिच्या उंचीच्या मापाने. ते ताठ बसले आणि कुजबुजायचं सोडून जवळजवळ मोठ्यानेच म्हणाले, "आमचं घर."

"आमचं घर," वहिनी म्हणाल्या.

पलीकडे थोडा वेळ कळा दाबल्याचा आवाज आला.

"सॉरी, मॅडम. नाही जुळलं. आता खातं पुढच्या महिन्यापर्यंत लॉक झालंय. ओळख पटवायला आमचे तपासनीस घरी येतील, शुक्रवारी. तुम्ही तेवढ्या घरी राहा."

वहिनींनी फोन मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्री भिंतीकडे बघत होते.

"घर नाही," ते म्हणाले.

"अहो, लिहिलं असेल काहीतरी घाईत. मी तर असल्या ठिकाणी कायम मांजर लिहिते." वहिनी उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. "पण शुक्रवारी मी यायची नाही. फोनवर बायको झाले तेवढं पुष्कळ झालं."

खात्यावर दुसरा नंबर लेकीचा होता. कंपनीने शहाणपणा करून तिलाही कळवलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आज मागे सुरीचा आवाज नव्हता.

"बाबा, कंपनीतून फोन आला होता. आई मावशीकडे गेली होती म्हणे. काल आली म्हणे."

मिस्त्रींना कुठे तोंड लपवावं कळेना. "मग तू काय सांगितलंस?"

पलीकडे लेकीने खुर्ची ओढून घेतली.

"मी म्हटलं, ठीक आहे, आईला सांगते."



"ती मुलगी फार गोड बोलते," मिस्त्री म्हणाले.

"हो ना. आईबद्दल इतकं चांगलं बोलत होती. मला जमलंच नाही." मग तिने विचारलं, "प्रश्न काय होता?"

मिस्त्रींनी सांगितला. तीन उत्तरंही सांगितली.

"आमचं घर नव्हतं?"

"नव्हतं."

"मग काय असेल, बाबा?"

"तुला माहीत असेल असं वाटलं होतं."

"मला वाटलं तुम्हाला."

शुक्रवारी तपासनीस आला. वयस्क माणूस, खांद्याला हत्यारांची बॅग, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दारातच त्याने विचारलं, "मॅडम आहेत?"

"बसा," मिस्त्री म्हणाले. "पाणी आणतो."

पाणी घेऊन आले तोवर तपासनीस मोडेम शोधत होता. मिस्त्रींनी त्याला कपाट दाखवलं. मोडेमची ती लोंबणारी वायर बैठकीत बरी दिसत नाही म्हणून त्यांनी त्याच्यासाठी खास सागवानी कपाट केलं होतं. दार असं घट्ट की पत्र्याची पट्टीसुद्धा आत जाणार नाही.

"हे कुणी केलं?" तपासनीसाने दारावरून हात फिरवला.

"मीच."

"काम एक नंबर आहे. पण यात सिग्नल कोंडतोय हो. नेट हळू चालत असेल."

"चालायचं हळूच. ती हे दार उघडं टाकायची. मी येता जाता लावायचो. उघडं दार बरं दिसत नाही ना."

"उघडंच ठेवा," तपासनीस म्हणाला. मिस्त्रींनी दार उघडलं. आतले हिरवे दिवे लुकलुकत होते. त्यांना आठवलं, त्या दारावरून त्यांचे चांगले खटके उडायचे. तिने कधी कारण सांगितलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

तपासनीसाने खुर्चीत बसून चष्मा चढवला. समोर एकच खुर्ची वापरातली दिसत होती आणि बाहेर दाराशी एकच चपलांचा जोड होता, हे त्याने पाहिलं असावं. कारण मॅडमचं त्याने पुन्हा विचारलं नाही.

"तीन वाटा आहेत," तो कागदाकडे बघत म्हणाला. "एक, मॅडमनी येऊन ओळख पटवायची. दुसरी, ग्राहक हयात नसेल तर दाखला द्यायचा. खातं बंद होतं, मग तुम्ही कुठल्याही कंपनीत जायला मोकळे. बहुतेक लोक तेच करतात."

"बंद म्हणजे?"

"पुसलं जातं. नाव, नंबर, प्रश्न, उत्तर, सगळं."

"उत्तरही?"

"उत्तरही."

"तुम्हाला दिसतं का ते? तुमच्या यंत्रात?"

"कुणालाच दिसत नाही. तुम्ही सांगायचं, यंत्र हो किंवा नाही म्हणतं."

मिस्त्रींनी पंच्याच्या टोकाने मोडेमच्या कपाटावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. "आणि तिसरी वाट?"

"तिसरी म्हणजे काहीच करायचं नाही. करार संपेल, कनेक्शन चालू राहील, पण दर सगळ्यात चढा. आणि दर महिन्याला खातं पुन्हा उघडतं, तीनदा उत्तर सांगून बघता येतं. पण ते कुणी घेत नाही. शुद्ध नुकसान आहे."

"मला तेच द्या," मिस्त्री म्हणाले.

तपासनीसाने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग कागदावर सावकाश लिहिलं, 'ग्राहक बाहेर गेल्या आहेत', आणि बॅग उचलली.

टायवाला दोनदा येऊन गेला. तुमच्यासारखा तोट्याचा सौदा करणारा माणूस मी आजवर पाहिला नाही, असं तो कळकळीने म्हणाला. मिस्त्रींनी त्याला सरबत दिलं आणि त्याच्या टायची गाठ नीट करून दिली. आता गल्लीत सगळ्यात महाग इंटरनेट मिस्त्रींच्या घरी आहे, आणि कपाटाचं दार उघडं असल्यामुळे सगळ्यात वेगवानही तेच आहे. त्याचा त्यांना तसा काही उपयोग नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला टेलरवहिनी खाली येतात. लेक आपल्या फोनवरून ऐकत असते. ती गोड आवाजाची मुलगी मॅडमची चौकशी करते आणि मग प्रश्न विचारते. मागच्या खेपेला लेकीने 'शाळेची गच्ची' सुचवली, मावशीला विचारून 'नदीचा घाट' सांगून पाहिला, आणि मिस्त्रींनी बरीच रात्र विचार करून 'खिडकीतली खुर्ची' म्हटलं. त्याआधीच्या महिन्यातली तिन्ही उत्तरंही अशीच घरात, गावात हिंडून आली होती. मुलगी दर वेळी म्हणते, "सॉरी, मॅडम," आणि दर वेळी तिलाच जास्त वाईट वाटल्यासारखं वाटतं.

आतापर्यंत नऊ जागा चुकल्या आहेत. बरोबर जागा अजून सापडलेली नाही.